शब्बाथचा दिवा लावायच्या आधी बातम्यांचं काय करता?

पेणची_लेक

नमस्कार मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. माहेर पेणचं, सासर ठाण्याचं. या संस्थळावर आमच्यातले काही सभासद आहेत, बाकीही जाणती माणसं आहेत, म्हणून मनातलं इथेच लिहिते.

आमच्याकडे शुक्रवारी सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी शब्बाथचा दिवा लावतात. तिथून शनिवारी रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत काम बंद, फोन बंद, टीव्ही बंद. ठाण्याला आमचं १८७९ सालचं शआर हाशमाईम सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. तिथे प्रार्थना होते, मग किद्दुश (पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद), मग हातबोशी, म्हणजे समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. लहानथोर सगळ्यांशी. त्यानंतर अंगणात गप्पा. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलवर हल्ला केला तेव्हापासून या गप्पांचा रंग पार बदलला. आमच्यातल्या बहुतेक घरांचं निम्मं गणगोत इस्राएलमधल्या अश्दोद, दिमोना, लोद, बेर शेवा इथे आहे. त्यामुळे युद्धाचा विषय निघणारच. पण हल्ली त्यावरून आवाज चढतात. एकाचा भाचा राखीव दलात बोलावलेला, दुसऱ्याला गाझातल्या पोरांची चित्रं बघून जेवण जात नाही. दोघेही चांगली माणसं. मागे एका शुक्रवारी दोघं हातबोशी न करताच निघून गेले. आमच्याकडे दहा पुरुष जमले तरच मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेचा कोरम, होतो. त्यातले दोन रुसले तर पुढच्या शनिवारी सकाळी सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचनाशिवाय कपाटातच राहायचा, अशी आमची गत.

माझं मत असं की दिवा लागला की बातम्या फाटकाबाहेर ठेवाव्यात. शांतीसाठी प्रार्थना जरूर करावी, वाद शनिवारी रात्री हावदाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी, झाल्यावर करावा. सासूबाईंना हे पटतं, नवऱ्याला नाही. तुमच्याकडे काय करतात? आणि इतर धर्मांतल्या मंडळींनीही सांगा, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये हा प्रश्न कसा सोडवता?

भायखळा_लोकल

पूर्ण अनुमोदन. आठवड्यातले सहा दिवस बातम्यांचेच असतात.

कोरा_कागद

माफ करा, अज्ञानातून विचारतोय. बेने इस्राएल म्हणजे 'शनिवार तेली' म्हणायचे तेच ना? आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द होता.

रेवदंड्याचा_वारा

@कोरा_कागद, हो, तेच. कोकणात आमचे पूर्वज तेलाच्या घाण्यावर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने ते नाव दिलं. आमची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश. बुडालेल्यांना जिथे पुरलं तिथे नवगावला आता स्मारक आहे. आडनावं बघा: पेणकर, किहीमकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, दिवेकर. रायगडचा नकाशाच आहे तो. पुस्तकं गेली, हिब्रू गेली, पण शब्बाथ, सुंता, खवल्यांचेच मासे खायचे हा नियम आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना एवढं पिढ्यान् पिढ्या टिकलं.

मूळ प्रश्नाबद्दल: माझं मत पेणची_लेक यांच्या उलट आहे. सविस्तर रात्री लिहितो, आता भरतीची वेळ गाठायची आहे.

सदाफुली

आमच्या शेजारी रोहेकर आजी होत्या. शुक्रवारी दुपारपासून त्यांच्याकडे काळ्या मनुका भिजत घातलेल्या असायच्या. त्या कुस्करून, फडक्यातून गाळून सरबत करायच्या. आम्हा पोरांना उरलेलं मिळायचं. त्या घरात मी टीव्हीचा आवाज शुक्रवारी संध्याकाळी कधी ऐकला नाही.

पेणची_लेक

@सदाफुली, तेच आमचं किद्दुशचं सरबत. द्राक्षाची कोशर, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसणारी, वाइन कोकणात कुठून मिळणार, म्हणून मनुकांचं. आजही बहुतेक घरी तेच करतात.

अश्दोदची_आत्या

पेणची_लेक, तुझा धागा वाचून राहवलं नाही. मी १९७० च्या दशकात पनवेलहून इकडे आले. मराठी लिहायची सवय मोडली आहे, चुका पोटात घाल.

तुला वाटतं इकडे आम्ही शब्बाथला बातम्या बंद ठेवतो? ठेवायचो. आता घरात एक रेडिओ शुक्रवारी दिवा लावायच्या आधीच चालू करून ठेवतो. त्याला इकडे 'मूक लहर' म्हणतात. चोवीस तास तो गप्प असतो, फक्त भोंगा वाजायचा असेल तेव्हाच बोलतो. धर्म पाळणाऱ्यांसाठीच ही सोय केली आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायला आमच्या शास्त्राची परवानगीच आहे, उलट तसं करणं कर्तव्य आहे. भोंगा झाला की सगळे ममादमध्ये, म्हणजे घरातल्या जाड काँक्रीटच्या खोलीत. अश्दोदला गाझाकडून रॉकेट आलं तर हातात पाऊण मिनिट असतं. माझे गुडघे दुखतात, नातू मला जवळजवळ उचलूनच नेतो.

जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध सुरू झालं ते शुक्रवारीच पहाटे. त्या शब्बाथला माणसं जमवायलाच बंदी होती, सिनेगॉग बंद. आमच्या इमारतीतल्या पुरुषांनी तळघरात मिन्यान केला. तिथे बातम्या बाहेर ठेवायला बाहेर उरलंच नव्हतं.

आणि एक. तुमच्याकडे दिवा लागतो तेव्हा आमच्याकडे अजून दुपार असते. जूनमध्ये मुंबईत सातला दिवा लागतो तेव्हा इथे साडेचार. तुम्ही फोन बंद करता आणि आमचा शब्बाथ लागायला अजून अडीच-तीन तास असतात. ताईला फोन लावला आणि तो बंद लागला की मला कळतं ती सुखरूप आहे, दिवा लावून बसली आहे. तिला मात्र माझं काही कळत नाही, शनिवारी रात्रीपर्यंत. तुझ्या सासूबाईंना विचार, त्या रात्री झोप लागते का.

पेणची_लेक

आत्या, तुम्ही आमच्या घरातलंच लिहिलंत. सासूबाईंची धाकटी बहीण दिमोनाला आहे. हा वेळेचा फरक मी कधी असा मोजून पाहिला नव्हता.

पुणेरी_कट्टा

आम्ही रास्ता पेठेतले. पुण्यात दोन सिनेगॉग: कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेविड, आणि आमचं सुक्कथ शेलोमो. लाल देऊळ बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंचं, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. आमचं बेने इस्राएलांचं. एके काळी या दोघांत काय कमी कुरबुरी होत्या? कोण कोणाच्या पंगतीला बसणार, कोणाला तोरा वाचायला बोलावणार. त्याही चालू घडामोडीच होत्या आणि त्या सिनेगॉगच्या आतच घडत होत्या. तरी समाज टिकला. वाद झाला म्हणून मिन्यान मोडत नाही, लोक इस्राएलला गेले म्हणून मोडला.

भायखळा_लोकल

@पुणेरी_कट्टा, लोक गेले हे खरं, पण म्हणूनच उरलेल्यांना जपायला हवं. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते. २०११ च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या थोडे वर, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. वीस हजारांत दोघे रुसले तर चालून जातं.

रेवदंड्याचा_वारा

आता सविस्तर.

बातम्या आमच्या सिनेगॉगबाहेर कधीच नव्हत्या. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग, मांडवीचं शआर हारहमीम, १७९६ चं. ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटले तर सिनेगॉग बांधीन असा नवस केला अशी कथा आहे. म्हणजे पायाच युद्धात घातलेला. त्या सिनेगॉगला लोक 'जुनी मशीद' म्हणायचे. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं आमच्यात सांगतात.

पुढे १८९७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंची स्वतःची मायभूमी हवी म्हणणाऱ्यांची परिषद, भरली. मुंबईच्या बेने इस्राएलांना निमंत्रण होतं. त्यांनी नकार दिला. परत जाणं ईश्वराच्या हातून होईल, माणसांच्या परिषदेतून नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. पन्नास वर्षांनी त्यांचीच नातवंडं बोटीत बसली. या मधल्या पन्नास वर्षांत सिनेगॉगच्या अंगणात लोक फक्त हवापाण्यावर बोलत होते का? घराघरांत भाऊ भावाशी भांडला असेल, जावं की राहावं यावर. तेव्हा कोणी म्हणालं असतं की हा विषय फाटकाबाहेर, तर लोकांनी तो घेऊन कुठे जायचं होतं?

माणूस ज्या गोष्टीने पोळला आहे ती घेऊनच देवासमोर उभा राहतो. ती दारात ठेवून आत या म्हणणं मला पटत नाही.

अश्दोदची_आत्या

रेवदंड्याचा भाऊ बरोबर बोलतो. इकडे आल्यावर आमचं काय झालं तेही लिही कोणीतरी. मीच लिहिते. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीने फर्मान काढलं की बेने इस्राएल लग्नाला उभा राहिला तर त्याची आई, आजी, पणजी ज्यू होत्या का ते आधी तपासा. दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना हे विचारलं! माझे सासरे १९६४ मध्ये जेरुसलेमला जाऊन धरण्यावर बसले होते. बायकापोरांसकट माणसं रस्त्यावर बसली. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ ला संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्या धरण्यातही शब्बाथ आला होता. सासरे सांगायचे, शुक्रवारी संध्याकाळी घोषणा थांबायच्या आणि प्रार्थना व्हायची.

पेणची_लेक

आत्या, तेच तर मी म्हणतेय! घोषणा थांबायच्या.

अश्दोदची_आत्या

थांबायच्या ग, पण माणसं तिथून हलायची नाहीत.

कोरा_कागद

हे मला शाळेत का शिकवलं नाही? रायगडात वाढलो मी.

निळी_शाई

मी ज्यू नाही, मुसलमान आहे. माझगावला सर एली कदूरी शाळेत शिकले. आमच्या वर्गात जवळजवळ सगळ्या मुली मुसलमान, शाळा बेने इस्राएलांनी काढलेली. बाईंनी कधी भेद केला नाही. ज्यू सणांच्या सुट्ट्या आम्हाला पाठ होत्या.

मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गाझातल्या बातम्यांनी माझ्या घरातही शुक्रवारची नमाज जड झाली आहे. हजारो मुलं गेली. ७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, तेही मला तेवढंच दुखतं. पण भायखळ्याच्या सिनेगॉगसमोरून जाताना मला कधी वाटत नाही की आतल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या सरकारचा जबाब द्यावा. मला कोणी दुसऱ्या देशातल्या मुसलमान सरकारचा जबाब विचारला की जसं वाटतं, तसंच त्यांनाही वाटत असणार. तुम्ही अंगणात काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. बाहेरच्यांनी तुमच्याकडून काही वदवून घेऊ नये, एवढंच मला वाटतं.

पेणची_लेक

@निळी_शाई, डोळे भरले वाचून. हा बाहेरून येणारा प्रश्न रोजचा झाला आहे. भाजीवालीपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळे विचारतात, 'तुमचं काय म्हणणं?' म्हणून वाटतं की एक संध्याकाळ तरी अशी असावी जिथे कोणी काही म्हणणं विचारणार नाही.

नारळाचं_दूध

अवांतर: महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा प्रत्यक्षात फायदा काय झाला?

भायखळा_लोकल

@नारळाचं_दूध, आधी कागदपत्रांवर धर्माच्या रकान्यात 'इतर' लिहावं लागायचं. ते बदलणं हीच मोठी गोष्ट. शाळा-संस्था चालवताना, शिष्यवृत्तीला उपयोग. पण केंद्राच्या यादीत अजून नाव नाही. माझ्या दृष्टीने खरी अडचण शनिवारची आहे. मुलांच्या परीक्षा शनिवारी, नोकरीत शनिवार कामाचा. आमचे पूर्वज घाणा स्वतःच्या मालकीचा म्हणून बंद ठेवू शकले. मी कुर्ल्याच्या एका कंपनीत पाळी कशी बंद ठेवू? शुक्रवारची संध्याकाळ तेवढी हातात राहते. म्हणून तिच्यात बातम्या नकोत, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं.

पुणेरी_कट्टा

यात एक विषय कोणीच काढला नाही. मिन्यानला दहा 'पुरुष' का? पेणची_लेक, तुम्ही आणि तुमच्या सासूबाई दर शुक्रवारी येता, तुम्हाला मोजलं तर दोघे रुसले म्हणून काही अडणार नाही. मुंबईत हे होऊन शंभर वर्षं झाली. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्युइश रिलिजस युनियन स्थापन केली, तीच पुढे रोदेफ शालोम. त्यांच्याकडे स्त्रीपुरुष बरोबरीने बसतात. डॉक्टरीणबाई, पद्मश्री, बेने इस्राएल, सगळं आपलंच.

रेवदंड्याचा_वारा

झिराड बाईंबद्दल आदर आहेच. पण आमच्या गावी हे कोणी मानणार नाही. सणावारी मुंबईहून, ठाण्याहून गाड्या करून माणसं येतात तेव्हा दहा भरतात. इतर शुक्रवारी घरोघरी दिवा लागतो आणि झालं.

पेणची_लेक

@पुणेरी_कट्टा, मला मोजलं तर मला आवडेल. सासूबाई म्हणतात, 'मला मोजू नका, पण वेळेवर या.' हा स्वतंत्र धागा होईल, काढाच तुम्ही.

सदाफुली

रोहेकर आजींकडच्या मलिद्याची आठवण आली. पोहे, गूळ, खोबरं, सुका मेवा, वर फळं. कोणाचं नवं घर, कोणाचं बाळंतपण, कोणी प्रवासाला निघालं की मलिदा आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव. त्यांचा मुलगा इस्राएलला निघाला तेव्हाही केला होता. आजी गेल्या नाहीत. 'पेण सोडून कुठे जाऊ' म्हणायच्या.

शुक्रतारा_दादर

मी बेने इस्राएल नाही, पण २००८ बद्दल लिहितो, कारण ते या शहराचं आहे. २६ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झालेला तो दहशतवादी हल्ला नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात शुक्रवारी रात्री संपला. तिथले तरुण रब्बी आणि त्यांची बायको मारले गेले, दोन वर्षांचं मूल त्याला सांभाळणाऱ्या बाईंनी बाहेर काढलं. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलीस दिसतात. तुम्ही म्हणता बातम्या फाटकाबाहेर ठेवू. फाटकावर बंदूकधारी हवालदार उभा असताना हे जमतं का? टीका म्हणून विचारत नाही. खरंच जाणून घ्यायचंय.

पेणची_लेक

@शुक्रतारा_दादर, चांगला प्रश्न आहे. हवालदार दादांना आम्ही चहा आणि सणाला हलवा देतो. ते आहेत म्हणून आम्ही आत निवांत बसू शकतो. धोका आहे हे प्रत्येकाला ठाऊकच आहे, ते विसरायला मी सांगत नाही. मला फक्त आपसातलं भांडण थांबवायचंय.

अश्दोदची_आत्या

मग एक सुचवते. आमच्या इथे तोरा वाचनाच्या वेळी 'मी शेबेराख' नावाची प्रार्थना म्हणतात. आजारी माणसाचं नाव आईच्या नावासकट घेतात, ओलिसांसाठी घेत होते, सैनिकांसाठी घेतात. तुमच्याकडे आजाऱ्यांसाठी घेतच असतील. ज्याच्या भाच्याची काळजी आहे त्याने भाच्याचं नाव द्यावं. ज्याला गाझातल्या पोरांसाठी प्रार्थना करायची आहे त्यानेही उभं राहून ती करावी, आणि बाकीच्यांनी आमेन म्हणावं. आमेन म्हणायला मत जुळावं लागत नाही.

रेवदंड्याचा_वारा

हे मला मान्य. ओझं आत आणायला जागा मिळाली.

भायखळा_लोकल

मला नाही. गाझाचं नाव निघालं की कोणीतरी आमेन म्हणणार नाही आणि पुढच्या शुक्रवारी तो माणूस येणार नाही. जे आज अंगणात होतंय ते तोरासमोर होईल. आत्या, तुमच्याकडे माणसं भरपूर आहेत, तुम्हाला परवडतं.

निळी_शाई

@भायखळा_लोकल, तुमची भीती समजते. पण मूल कुणाचंही असो, त्याच्यासाठी आमेन म्हणणार नाही असा माणूस तुमच्यात खरंच आहे का?

भायखळा_लोकल

@निळी_शाई, आहे. ज्याचं स्वतःचं माणूस ७ ऑक्टोबरला गेलं असा. मी त्याला दोष देत नाही, त्याला वेळ हवा आहे.

पेणची_लेक

सगळे प्रतिसाद घरी वाचून दाखवले. सासूबाई, नवरा, मी, तिघे बसलो. मग नवरा त्या दोन्ही रुसलेल्या काकांकडे स्वतः जाऊन आला.

ठरलं ते असं. शनिवारी सकाळी तोरावाचनाला ज्याला आपल्या माणसाचं नाव द्यायचं त्याने द्यावं, आणि शेवटी हझ्झान (प्रार्थना चालवणारे) सगळ्यांसाठी शांतीची प्रार्थना करतील, कुठल्याही देशाचं नाव न घेता. भायखळा_लोकल, तुमचं ऐकूनच हे शेवटचं घातलं. युद्धाबद्दल बोलायला रविवारी सकाळी हॉल उघडा ठेवायचा, चहा आमच्याकडून. शुक्रवारी किद्दुशनंतर अंगणात घरच्याच गप्पा. भाचेवाले काका 'बघू' म्हणाले. दुसऱ्या काकांना देश वगळणं पटलेलं नाही, 'मग प्रार्थना कोणासाठी?' असं त्यांनी विचारलं आणि त्याचं उत्तर नवऱ्याला देता आलं नाही. पण येतो म्हणाले.

रेवदंड्याचा_वारा

काकांचं बरोबर आहे. नाव घ्यायला हवं होतं. तरी रविवारी मी येतो, रेवदंड्याहून पहिली एसटी पकडतो.

अश्दोदची_आत्या

पेणची_लेक, आमच्या नातवाचं नाव लिहून घे, व्यक्तिगत निरोपातून आईच्या नावासकट पाठवते. आणि सासूबाईंना सांग, शुक्रवारी दिवा लावायच्या आधी दहा मिनिटं बहिणीला फोन करत जा म्हणावं, तिकडून येण्याची वाट बघू नये.